सासरची वाटी, माहेरची वाटी

सोनाराच्या घरात सून म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला सांगून ठेवलं, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. हाताकडे बघ. तोंड सांभाळायला सगळ्यांना येतं." तेव्हा मला वाटलं, काय माणूस आहे हा, चांगल्या घरच्या बायका दुकानात येतात आणि हा त्यांचे हात बघत बसतो. वर्ष सरलं नाही तोवर मीही हात बघायला लागले होते. संशय सर्दीसारखा असतो हो. एका घरात राहून एकाला झाला आणि दुसऱ्याला नाही, असं होत नाही.

दुकान घाटकोपरला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे दोन खोल्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे सकाळी फोर्टात कचेरीत जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर मी आणि मामंजी. ते शेगडीपुढे, मी पडद्याला लागून मांडीवर सूप घेऊन. गाठवायचं काम माझ्याकडे. कुणाची पोत तुटली, कुणाच्या मोहनमाळेचं रेशीम कुजलं, कुणाला मंगळसूत्र नवीन दोऱ्यात हवं, सगळं माझ्या सुपात यायचं. शाळा माझी चौथीत सुटली, पण मणी मी बोलता बोलता मोजते.

मामंजींच्या संशयाला कारण होतं. मी यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. एक गृहस्थ आला, स्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात गोफ. बायको आजारी, डॉक्टरने सांगितलंय, असं काहीबाही म्हणाला आणि रडला. मामंजींनी गोफ घेतला आणि त्याच दुपारी आटवला. तिसऱ्या दिवशी पोलीस दारात. गोफ मुलुंडच्या कुठल्याशा लग्नघरातून गेलेला. "गोफ दाखवा." आता काय दाखवणार, मुशीतली लगड? हवालदार म्हणाला, "एवढी कसली घाई होती, शेट?" त्या एका प्रश्नापायी त्यांना चौकीच्या बाकावर अख्खा दिवस बसावं लागलं, आणि चौकी रस्त्यावर. येणारी जाणारी ओळखीची माणसं वळून बघून गेली. सोनं परत दिलं, सुटले. पण बाजारात एकजण म्हणालाच, चोर आणि सोनार यांच्यात फक्त उंबरठ्याचं अंतर. सोनार आईच्या नथीतलंही सोनं सोडत नाही, हे तर लोक आधीपासूनच म्हणत होते.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला बांधून घेतलं. आलेला डाग, म्हणजे दागिना, आठ दिवस पेटीत झोपवायचा, त्याशिवाय शेगडीला दाखवायचा नाही. मंगळसूत्र असेल तर नवरा सोबत हवा. हवालदार आठवड्यातून एकदा चोरीला गेलेल्या वस्तूंची चिठ्ठी घेऊन यायचा. चहा प्यायचा, चिठ्ठी वाचायचा, आणि मामंजी पेटी उघडून एकेक डाग तिच्याशी ताडून बघायचे. "एकदा आटलं की सोन्याला आईबाप राहत नाहीत," म्हणायचे, "म्हणून आटायच्या आधी विचारायचं."

आणि त्यांचं विचारणं मोठं गमतीचं. आपल्याकडे मंगळसूत्राला दोन वाट्या, एक सासरने घातलेली, एक माहेरने. दोन घरची, दोन गावची, दोन सोनारांच्या हातची. त्यामुळे त्या कधी अगदी सारख्या नसतात. एक जरा खोल, एक पसरट. एकीची कड जाड, एकीची पातळ. दुसऱ्या कुणाला ते दिसायचं नाही, पण जिच्या गळ्यात आहे तिला माहीत असतं. तर मामंजी मंगळसूत्र हातात घेऊन हवापाण्याच्या गोष्टी करायचे आणि मध्येच विचारायचे, "बाय, यातली माहेरची कुठली?" खरी मालकीण न बघता बोट ठेवते. बघा तुम्ही कुणालाही विचारून. चोरून आणणारी बाई आधी दोन्हींकडे बघते, मग सोनाराकडे बघते.

तो चैत्र होता. तिकडे माहुलला तेलाचे मोठे कारखाने उभे राहत होते, रोज नवी माणसं येऊन उतरत होती, आणि ओळखीच्या माणसावरही विश्वास टाकावा की नाही असं झालं होतं. त्या महिन्यात हवालदाराच्या चिठ्ठीत दोन मंगळसूत्रं होती. एक बाजारात तोडलेलं, एक न्हाणीघरातल्या खुंटीवरून गेलेलं.

भर दुपारी एक बाई आली. पस्तिशी-छत्तिशीची, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. पाठीमागच्या रस्त्यावर एका वकिलांचा बंगला होता, तिथे ती धुण्याभांड्याला होती. मी तिला पाणवठ्यावर बघितलं होतं, बोलले नव्हते. तिने पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता. चैत्रातल्या उन्हात. ते मी आधी टिपलं.

कनवटीचा रुमाल सोडून तिने मंगळसूत्र मामंजींपुढे ठेवलं.

"शेट, यातली एक वाटी काढायची. आटवून नवी करायची. दिसायला अगदी नवी हवी."

"आणि काढली तिथे?"

"तिथे पितळेची बसवा. मुलामा देऊन. कोणाला कळता नये."

पडद्याआड माझ्या बोटातली सुई थांबली. सोनं काढून घ्यायचं, जागेवर पितळ बसवायचं आणि कुणाला कळता कामा नये. असं कोण सांगतं? दुसऱ्याच्या गळ्यातलं परत त्याच्या जागी ठेवायचं असेल तो.

मामंजींनी मंगळसूत्र तळहातावर घेतलं, यंदा आंबा उशिरा आहे वगैरे म्हणाले, आणि मग, "बाय, माहेरची कुठली?"

बाईने बोट ठेवलं. न बघता, अगदी झटकन. "ही. माझ्या बापाने घातलेली. हीच आटवायची. पोरीचं लग्न आहे, तिला माहेरची वाटी करायची."

मला हायसं वाटलं असतं. पण मामंजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"तुझं माहेर कुठलं?"

"मालवणच्या बाजूला."

"आणि सासर?"

"राजापूर."

"लग्न कुठे झालं?"

"गावाला. का, ओ?"

"काही नाही. नवऱ्याला घेऊन ये. त्याच्याशिवाय मी मंगळसूत्राला हात लावत नाही."

आता मात्र तिचा चेहरा बदलला. "त्यांका नका सांगू. त्यांका कळता नये."

"मग राहू दे इथे. आठ दिवस माझ्याकडे कुठलाच डाग आटत नाही. आठ दिवसांत त्याला घेऊन ये."

"पंधरा दिवसांवर लग्न आहे, शेट."

"आठ गेले तरी सात राहतात."

ती मंगळसूत्राकडे बघत उभी राहिली. उचलावं की नाही, असं. मग तशीच वळली आणि गेली. उंबरठा उतरताना पदर सैल झाला तेव्हा मला दिसलं, गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं होतं. मंगळसूत्र दुरुस्तीला टाकलेली सवाष्ण बांधते तसं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मनात म्हटलं, हुशार आहे, सगळी तयारी करून आली.

मामंजींनी मला बोलावलं. भिंग माझ्या हातात दिलं. "बघ. कडेच्या खाली."

पहिल्या वाटीवर एक केसासारखी उठलेली रेघ होती. दुसरीवर तशीच, त्याच जागी.

"वाटी पितळी ठोकळ्याच्या खळग्यात ठोकून काढतात," ते म्हणाले. "ज्याच्या खळग्याला ओरखडा असतो, त्याच्या प्रत्येक वाटीवर तो उठतो. या दोन्ही एकाच ठोकळ्यातल्या आहेत. एकाच माणसाच्या हातच्या, एकाच वेळच्या. एक मालवणची आणि एक राजापूरची कशी?"

"म्हणजे खोटं बोलली."

"म्हणजे मला कळलं नाही," ते म्हणाले. त्यांनी मंगळसूत्र कागदात बांधून पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला. "हवालदार आला तर मी बोलेन. तू बोलू नकोस."

संध्याकाळी हे आले तेव्हा मी जेवण वाढता वाढता सगळं सांगितलं. यांना हसू आलं.

"काय फौजदारीणबाई, पकडला का चोर?"

"हसा. तिला वकिलांच्या घरी कपाटं-बिपाटं सगळी मोकळी असतील. वकिलीणबाईंचं उचललं असेल, पितळेचं परत ठेवायचं असेल. त्यांना काय कळणार? त्या भिंग लावून गळा बघतात का?"

"मग वकिलीणबाईंनी शोधावं. तू भात वाढ."

मामंजी जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. पण मला त्या दिवशी झोप लागली नाही. खरं सांगते, त्यात वकिलीणबाईंची काळजी होती तेवढीच दुकानाची होती. पुन्हा चौकीचा बाक, पुन्हा ती वळून बघणारी माणसं, आणि आता तर घरात मीही. लोक म्हणणार, सून आली आणि त्यांचा धंदा परत तिथेच.

हवालदार दोन दिवसांनी आला. चिठ्ठी वाचली. न्हाणीघरातून गेलेल्या मंगळसूत्राचं वर्णन होतं, चार सोन्याचे मणी, दोन वाट्या. आमच्या पेटीतल्यालाही मणी चार. मामंजींनी पेटी उघडली, सगळे डाग दाखवले, कागदातलंही दाखवलं. हवालदार म्हणाला, "वाट्या तर सगळ्याच अशा असतात हो, शेट. कुणाचं आहे?"

"गिऱ्हाइकाचं. दुरुस्तीला आहे."

एवढंच. मी पडद्याआड दात आवळून बसले. मला वाटलं, म्हातारा घाबरला. नाहीतर बाईचा संशय येतो, एवढं सांगायला काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी मी माझी दोऱ्याची पेटी काखेत घेतली आणि वकिलांच्या बंगल्यावर गेले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं की मी चार मोठ्या घरी जाऊन विचारायचीच, काही गाठवायचं आहे का म्हणून. बायका दागिने काढून द्यायच्या, मी पडवीत बसून ओवून द्यायची, वर डाळ आणि पन्हं.

वकिलीणबाई गोऱ्यापान, बोलायला चोख. "बरी आलीस गं," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. "याचा दोरा बघ जरा, मऊ पडलाय."

मी ते हातात घेतलं आणि माझी बोटं आधी वाट्यांवर गेली. वजन होतं. उलटून बघितलं. एक खोल, एक पसरट, दोन वेगळ्या हातांच्या. अस्सल सोनं. कुणी काही काढलेलं नव्हतं, काही बदललेलं नव्हतं.

आता मी तिथेच थांबायला हवं होतं ना? दोरा बदलायचा, डाळ खायची, घरी यायचं. पण एकदा शोधायला निघालेलं माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, हा माझा स्वभाव, आणि तो मला त्या दिवशी भोवला. मी मणी ओवता ओवता विचारलं, "तुमच्याकडे ती भांड्याला येते ना, कोकणातली, ती किती दिवस आहे हो?"

वकिलीणबाईंच्या हातातली पळी थांबली. "का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी विचारत नाही. सोनाराच्या सुनेने तर नाहीच नाही. दुकानात आली होती का?"

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, एवढं वकिलाच्या बायकोला कळत होतं.

"काय घेऊन आली होती?"

"तिचंच काहीतरी. दुरुस्तीला."

"तिचंच," त्या म्हणाल्या, आणि पदराची किल्ली चाचपत उठल्या. मी तिथे बसलेली असतानाच आतून कपाटाचं दार वाजलं. मग दुसऱ्या कपाटाचं. मग चांदीची भांडी एकेक करून खाली ठेवल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "सगळं आहे," म्हणाल्या, पण त्यात समाधान नव्हतं. "अजून तरी आहे."

मी डाळ घेतली नाही. पन्हं मात्र प्यायले, नाही म्हणता येईना.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती बाई आली. एकटी नव्हती. सोबत तिचा नवरा, कुर्ल्याच्या बाजूच्या गिरणीत मागावर साचेवाला, पाळी सुटून तसाच आलेला, केसांत कापसाची पांढरी कुसं. ती पायरीवर उभी राहिली, वर आली नाही. मामंजींकडे बघितलं नाही, सरळ पडद्याकडे बघितलं.

"सुनेला बाहेर बोलवा, शेट."

मी बाहेर आले.

"काय गं, बाय, मी चोर?" आवाज चढवला नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू गेलं नसतं. "बाईसाहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कपाटातलं काय गेलं नाही, म्हणाल्या, पण घरात शंका कशाला ठेवू. सात वर्षं भांडी घासली मी तिथे. सात वर्षांत एक चमचा हलला नाही. आणि तू एक दिवस मणी ओवायला गेलीस."

मामंजी माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नवरा पुढे झाला. त्याने मामंजींना नमस्कार केला. "शेट, हिचं गळ्यातलं तुमच्याकडे आहे, हे मला आज कळलं. हिने सांगितलं नव्हतं. आता मी आलोय. काय विचारायचं ते मला विचारा, आणि आमचं आम्हाला द्या."

मामंजींनी पेटी उघडली. कागद सोडला. मंगळसूत्र पाटावर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी चोर म्हटलं नाही. पण एक गोष्ट मला समजली नाही, ती सांगितलीत तर माझं चुकलं असं मी म्हणेन. ही म्हणते एक वाटी मालवणच्या बापाची, एक राजापूरच्या सासऱ्याची. माझा डोळा म्हणतो, दोन्ही एका ठोकळ्यातल्या. कोण खोटं?"

"डोळा खोटा तुमचा," ती म्हणाली. "माझ्या बापाने घातलेली वाटी आहे ती. लग्नात सगळ्यांच्या देखत घातली."

नवऱ्याने मात्र टोपी काढून हातात घेतली, परत घातली. केसांतली कुसं काढू लागला. त्याच्याकडे बघून मला कळलं, आणि मला वाटतं मामंजींनाही त्याच वेळी कळलं, कारण ते घाईघाईने म्हणाले, "असू दे. माझी चूक. आता म्हातारपणी दिसत नाही नीट. घेऊन जा."

पण तोवर तिनेही त्याच्याकडे बघितलं होतं.

"काय ओ?"

"काय नाय. चल."

"काय ता सांगा."

मग बोलला तो बायकोशी नाही, मामंजींशी, जसं काही तिथे ती नाहीच. "दोनय वाट्यो मीच करून घेतलंय, शेट. हिच्या बापाशीकडे काय होता? लग्नाच्या आदल्या दिवशी म्हातारो माझ्याकडे इलो. म्हणालो, रिकाम्या हाताने कसो उभो रवू. पायाक हात लावूक लागलो. गिरणीत लागलंय तेव्हाची सगळी पुंजी होती, एका सोनाराकडसून दोनय केलंय. एक मी ठेवलंय, एक तेच्या हातात दिलंय. तेना मांडवात घातल्यान." मग शहरातल्या मराठीत म्हणाला, "हिला सांगणार नाही असं मी म्हाताऱ्याला वचन दिलं होतं. म्हातारा गेला. तरी मी सांगितलं नव्हतं."

शेगडीतला निखारा फुटला. आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, हाताकडे बघायचं विसरून.

ती नवऱ्याला म्हणाली, "एवढी वर्षं भांडणात मी तुमका काय काय बोललंय. माझ्या बापाशीन वाटी घातल्यान, तुमच्या घरान आणिक काय घातल्यान. आणि तुम्ही आयकत रवलात."

"मग काय बोलू?"

"काय नाय," ती म्हणाली.

मामंजींनी मंगळसूत्र तिच्याकडे सरकवलं. तिने ते उचललं, दोन्ही वाट्या तळहातावर घेतल्या, आणि यावेळी मात्र बघितल्या. बराच वेळ. मला वाटलं आता रुमालात बांधेल आणि दुसऱ्या सोनाराकडे जाईल, जो काही विचारत नाही अशा सोनाराकडे. तसे दुकानदार काही कमी नव्हते. आम्ही खऱ्या माणसालाच तिथे ढकलतो आहोत, हे माझ्या मनात आलं आणि मी नजर खाली केली.

तिने दोरा सोडवून एक वाटी पाटावर परत ठेवली. पहिल्या दिवशी बोट ठेवलं होतं तीच. दोऱ्यात ती उजवीकडची होती म्हणून मी ओळखली.

"हीच आटवा. आणि पितळेची नको आता. एकीवर राहीन."

"उद्या देतो," मामंजी म्हणाले.

"आठ दिवस?"

"उद्या देतो."

ती दोघं गेल्यावर मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. भात नेहमीसारखा जेवले, ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी मूस चढवताना एवढंच म्हणाले, "मी पेटीला कुलूप घातलं होतं. तुला एक कुलूप द्यायचं राहिलं." माझ्या जिव्हारी लागलं ते. दुपारी मी वकिलीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, वाट्यांची गोष्ट सोडून, कारण ती सांगायचा मला काय अधिकार? माझी चूक झाली, बाई सरळ आहे, परत घ्या, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. "अगं पण मी दुसरी लावली ना," म्हणाल्या. "आणि खरं सांगू, आता तिला बघितलं की मला सारखं कपाट आठवेल." मला त्यांचा राग आला. मग वाटलं, कपाट त्यांच्या डोक्यात घातलं कुणी?

वाटी नवी झाली. मामंजींनी ती अशी चकाकवली की कुणी म्हटलं नसतं ही जुन्याची आहे, आणि त्यांच्या ठोकळ्याला ओरखडा नव्हता. बाई ती घ्यायला आली तेव्हा मामंजी मजुरी नको म्हणाले, तरी तिने पैसे मोजून पाटावर ठेवलेच. मी पाणी घेऊन बाहेर आले. तिने घेतलं नाही. "नको, तहान नाही," म्हणाली, रागाने नाही, साधं. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र एका वाटीवर नीट गाठवलेलं होतं. दुसऱ्या कुणाकडून तरी गाठवून घेतलं होतं तिने. गाठ मी लगेच ओळखली, माझी नव्हती.

लग्नाचं आमंत्रण द्यायला नवरा-बायको दोघं आली. अक्षता मामंजींच्या हातात दिल्या. "शेट, तुम्ही यायचं." मी पडद्याशी उभी होते. तुम्ही सगळ्यांनी यायचं, असं काही तिने म्हटलं नाही, आणि आमचे हे त्या दिवशी घरी होते, त्यांनीही ते ऐकलं आणि नंतर मला त्यावरून एकदाही चिडवलं नाही.

मामंजी एकटेच गेले. चाळीच्या चौकात मांडव होता म्हणे. परत आले, पाय धुतले, पान जुळवत बसले. मला राहवेना.

"वाटी कशी दिसत होती?"

"चांगली."

"कुणाला शंका आली?"

"विहीणबाईने विचारलं, नवी दिसते, कुठे केली. ही म्हणाली, सोनं माझ्या बापाचं, नातीसाठी ठेवलेलं. सगळ्यांना फिरून दाखवली तिने."

"आणि नवरा?"

"पंगतीत वाढत होता. माझ्या पानात दोनदा भात घातला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मामंजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मी काय म्हणणार? मी जेवलो."